कोह अंकलचं ओके

माणूस गेल्याचं कळायच्या आधीच रत्नदीपने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि कळल्यावरही त्या लगेच थांबल्या नव्हत्या, हे त्याला मागाहून जास्त लागलं. सकाळी सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात सगळ्यांची सभा होती. सगळे म्हणजे सगळे. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून पोरं कॉफी मशीनपर्यंत उभी होती. समोर विक्रांत, दरवेळी घालतो तोच निळा शर्ट आणि दरवेळी येतो तोच उत्साह. भिंतीएवढ्या पडद्यावर तुआसच्या गोदामांच्या भागाचा नकाशा, त्यावर हिरवे ठिपके, म्हणजे मालाच्या गाड्या. "मागच्या आठवड्यात काय झालं ते बघा हं," विक्रांत इंग्रजीत म्हणाला. एक ठिपका पिवळा झाला, थोड्या वेळाने करडा झाला आणि तिथेच थांबला. आजूबाजूच्या दोन ठिपक्यांनी आपापले रस्ते वळवले, करड्या ठिपक्याची कामं वाटून घेतली, आणि पडदा पुन्हा हिरवागार. "एक गाडी मध्येच बसली. कुणी फोन केला नाही, कुणी धावपळ केली नाही. ग्राहकाला पत्तासुद्धा लागला नाही! उद्या आपण नवा करार करतोय तो ह्या एका गोष्टीवर. आणि ही डोकॅलिटी कुणाची? आपल्या रत्नदीपची!" टाळ्या. रत्नदीपने मान खाली घालून हसत हसत स्वतःही वाजवल्या, नाहीतर शिष्टपणा वाटतो. छाती भरून आली होती, खोटं कशाला बोला. तेवढ्यात क्षिप्रा, सपोर्टमध्ये नुकतीच लागलेली पुण्याची मुलगी, कोपऱ्यातून म्हणाली, "पण त्या गाडीला झालं काय होतं?" विक्रांतने आवाज योग्य तेवढा खाली आणला. "ड्रायव्हर गेला बिचारा. हार्ट. गाडीतच. व्हेरी सॅड." मग क्षणभर थांबून, "पण माल वेळेवर पोचला, मुद्दा तो आहे," आणि पुढची स्लाइड. मागे कुणीतरी उशिरा टाळी वाजवली, तिला आणखी दोघांनी साथ दिली, आणि त्या दोघांत आपले हात होते हे रत्नदीपला दिसलं.

तो उठून बाथरूमला गेला आणि हात धुतले. धुण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरं करायचं काय ते सुचेना. आरशात बघायची हिंमत नव्हती म्हणून नळाकडे बघत राहिला. अरे, हे काय झालं, हे काय झालं, एवढंच डोक्यात. माणसं मरतात, ड्रायव्हरही मरतात, ह्यात आपला काय संबंध, असं एक मन सांगत होतं, आणि दुसरं मन ते ऐकूनच घेत नव्हतं. कारण तो पिवळा ठिपका करडा कसा होतो हे सभेतल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी त्याला ठाऊक होतं. आपोआप काही होत नाही. कुणीतरी तसं लिहून ठेवलेलं असतं.

कंपनी सुरू झाली तेव्हा एक खोली आणि तीन माणसं: विक्रांत, तो आणि सुलेखा. ह्याच बुओना व्हिस्टात, पण तेव्हा खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. विक्रांत ग्राहक आणायचा, रत्नदीप प्रोग्रॅम लिहायचा, आणि सुलेखा, डोंबिवलीची, तोंडाने फटकळ, कानाला हेडफोन लावून दिवसभर ड्रायव्हरांना फोन करायची. गाडी हलली नाही की हिचा फोन. "अंकल, व्हाय स्टॉप? ईट ऑलरेडी ऑर नॉट?" तिकडून कुणी ओरडायचं, कुणी हसायचं, कुणी पावसाची तक्रार करायचं. एकदा एकाची बायको बाळंत व्हायची होती, तर सुलेखाने स्वतःच्या अधिकारात त्याला घरी पाठवलं आणि विक्रांतच्या शिव्या खाल्ल्या. गाडी का थांबली ह्याचं कारण ती एका रकान्यात लिहायची: 'चिडलाय', 'झोप आलीये', 'सुपरवायझर हरामखोर'. रत्नदीप कपाळावर हात मारून घ्यायचा. "सुलेखा, ह्याचं मी करू काय? मशीनला हे कसं शिकवू?" ती म्हणायची, "मग नको शिकवूस." कसे दिवस होते ते! दुपारी तिघं खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर, जायची, एका टेबलावर दोन थाळ्या आणि तीन चमचे, आणि विक्रांत टिश्यूपेपरवर बाण काढून सांगायचा की आज सिंगापूर, उद्या हायफॉंग, परवा जकार्ता.

आणि झालंही तसंच, उगाच नावं कशाला ठेवा. गाड्या वाढल्या, गोदामं वाढली, खोलीचा मजला झाला, मजल्याचे मजले झाले. पण गाड्या वाढल्या तशा थांबणाऱ्या गाड्याही वाढल्या, आणि सुलेखा एकच होती. मग फोनऐवजी गाडीतल्या टॅबलेटवर मेसेज जाऊ लागला: सगळं ठीक? खाली दोन बटणं, 'ओके' आणि 'मदत'. ड्रायव्हर काही दाबेनात. हातात मोजे, तोंडात घास, शिवाय ह्या पोरकट प्रश्नाला उत्तर काय द्यायचं हा त्यांचा तोरा. ग्राहकांचे पडदे पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेले. मोठा ग्राहक वैतागला, करार हातचा जातो की काय अशी वेळ आली, आणि रत्नदीपने बसून तो नियम लिहिला. काही वेळात उत्तर नाही आलं तर सिस्टिमने स्वतःच 'ओके' टाकायचं, गाडी विश्रांतीला थांबली असं धरायचं, आणि तिची पुढची कामं जवळच्या गाड्यांना वाटायची. दुसऱ्या दिवशी पडदे हिरवे! विक्रांतने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. सुलेखा मात्र खुर्ची वळवून म्हणाली होती, "म्हणजे तुम्ही विचारणं बंद करताय." "अगं, विचारतोय की. मशीन विचारतंय." "आणि उत्तर आलं नाही तर?" "तर ठीकच असणार ना. काही झालं असतं तर मदत दाबली असती." त्यावर ती खो खो हसली. "माझा नवरा उत्तर देत नाही तेव्हा हमखास काहीतरी बिनसलेलं असतं, बाबा." तेव्हा रत्नदीपही हसला होता. थोड्याच दिवसांत फोन करायला काही उरलं नाही, आणि ती दुसरीकडे लागली.

दुपारी विक्रांतने त्याला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. "एक छोटं काम आहे. त्या ड्रायव्हरच्या मुलीची मेल आलीये. ट्रान्सपोर्ट कंपनीने तिला सांगितलं की तिच्या वडिलांनी आपल्या सिस्टिमच्या मेसेजला ओके म्हणून उत्तर दिलं होतं. तिला ते उत्तर हवंय, जसंच्या तसं. वेळेसकट. तू एक स्क्रीनशॉट काढून पाठव, दोन ओळी सांत्वनाच्या लिही, झालं."

रत्नदीपने मेल वाचली. लहानशी होती, विनंतीची. खाली नाव होतं कोह हुई मिन, आणि वरच्या ओळीत वडिलांचं पूर्ण नाव. ते नाव त्याने दोनदा वाचलं. पडद्यावर गाडीचा नुसता नंबर असतो. आधी नावही असायचं, ते त्यानेच काढलं होतं, पडद्यावर गर्दी होते म्हणून.

"विक्रांत, हे कोह अंकल आहेत रे."

"कोण?"

"आपले कोह अंकल. मला गाडीत बसवून तुआस फिरवलं होतं ते. न्यू इयरला अननसाचे टार्ट पाठवायचे, डबाभर."

"अरे बाप रे." विक्रांत खरंच हलला. तो वाईट माणूस नव्हता, कधीच नव्हता. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. "च् च्... फार वाईट झालं. मग तर तूच लिही. तुझ्याकडून गेलेलं बरं."

"पण ते ओके त्यांनी दाबलेलं नाही. वेळ बघ ना, मुदत संपली त्याच मिनिटाला आलंय. ते आपण टाकलंय."

"आपण म्हणजे?"

"मी. माझ्या नियमाने."

विक्रांतने काचेबाहेर बघितलं. बाहेर कुणी केक कापत होतं. "रत्ना, ऐक माझं. डॉक्टर म्हणाले की एका झटक्यात गेला. फोन केला असता तरी काही झालं नसतं. तिला आता हे कशाला सांगायचं? बापाचा शेवटचा शब्द ओके होता असं वाटलं तर बरंच आहे की. आणि उद्या सह्या आहेत. उद्या. मी तुला खोटं बोल म्हणत नाहीये, स्क्रीनशॉट खराच आहे."

खराच होता. हीच तर गंमत. रत्नदीप जागेवर येऊन बसला, स्क्रीनशॉट काढला, मेलला जोडला, 'आम्हाला अत्यंत दुःख' इतकं लिहिलं आणि हात थांबला. त्या दिवशीची कोह अंकलची गाडी आठवली. आत तंबाखूचा नव्हे, औषधी मलमाचा वास. नव्या प्रोग्रॅमसाठी रस्ता बघायला रत्नदीप शेजारी बसला होता, मांडीवर लॅपटॉप, आणि हा म्हातारा दर वळणावर त्याच्यावर खेकसत होता: "यू ऑलवेज लुक डाउन, लुक आउट लाह!" बाहेर काय बघायचं, सगळी गोदामं सारखी. मग अंकलने गाडी बाजूला घेऊन दोघांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोरी. ती कशी धरायची हे रत्नदीपला कळेना, सगळी पँटवर सांडली. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. हसता हसता सुलेखाचा फोन आला: "अंकल, व्हाय स्टॉप?" आणि तो ओरडला, "युअर इंडियन बॉय डोन्ट नो हाउ टु ड्रिंक कोपी!" तो माणूस, तोच माणूस, मेलमध्ये लिहिलं होतं तसा, एसी चालू असलेल्या गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि शेजारच्या फॅक्टरीच्या वॉचमनने काच वाजवली तेव्हा कळलं. दिवसभर आपला पडदा हिरवा. लहानपणी नागपूरला वडिलांना कारखान्यातून यायला उशीर झाला की आई रत्नदीपला म्हणायची, जा रे, चौकात बघून ये. चौकात बघून काय होणार, असं तो कुरकुरायचा, पण जायचा. इथे कुणी बघून आलं नाही. अख्ख्या ऑफिसात एकाच्याही मनात आलं नाही की उठावं आणि बघावं.

फोन थरथरला. बायकोचा, एकताचा मेसेज: येताना टेका मार्केटमधून कोथिंबीर आणि कढीपत्ता आणशील? जमेल ना? त्याच्या अंगठ्याने आपसूक 'ओके' दाबलं आणि ते गेलंसुद्धा. तो त्या दोन अक्षरांकडे बघत राहिला. मग त्याने बायकोला फोन लावला, ऑफिसात बसून कधी लावत नसे.

"काय झालं बाप्पा?" एकता घाबरलीच. "बरा आहेस ना?"

"नाही," तो म्हणाला. मग उभं राहून, तोंडावर हात धरून, त्याने जमेल तसं सांगितलं. एकता म्हणाली, "मेल नको पाठवू. तिला भेट."

"भेटून काय सांगू?"

"ते मला नको विचारू, रत्नदीप. तुला ठाऊक आहे ते. कोथिंबीर राहू दे."

मेलमध्ये नंबर होता. कोह हुई मिनचा आवाज अगदी सरळ, कामातला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, सुटल्यावर जुरोंग ईस्ट स्टेशनला उतरते, तिथल्या हॉकर सेंटरला या म्हणाली. तो निघाला तेव्हा विक्रांत कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होता. त्याने काचेआडून अंगठा वर करून विचारलं, झालं का? रत्नदीपने मान हलवली नाही, हात हलवला नाही, तसाच लिफ्टकडे गेला. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली, पण तो उभाच राहिला. ओके तिच्यासाठी बरं आहे, विक्रांत म्हणाला ते खोटं नव्हतं. उद्या सह्या झाल्या नाहीत तर कंपनीतली इतकी माणसं, इतक्या जणांचे इथे राहायचे पास, इतक्यांची मुलं इथल्या शाळांत, त्यातली एक त्याचीही. आणि खरं सांगून तिला मिळणार काय? बाप परत येणार आहे का? स्टेशनामागून स्टेशन गेलं आणि प्रत्येक स्टेशनला त्याने नवं वाक्य जुळवलं, सगळी वाक्यं चांगली होती, शहाणी होती, आणि एकही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. तिशीची, चष्मा, गळ्यात अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र. कपाळ थेट अंकलचं. त्याने आपलं नाव सांगितलं. "यू आर द कोपी बॉय!" ती म्हणाली आणि हसली. "पा घरी सांगायचे. पिशवीतून कोपी सांडणारा इंडियन इंजिनिअर. दर न्यू इयरला सांगायचे, आम्हाला पाठ झालंय." रत्नदीपला खुर्ची ओढून बसणंही जड गेलं.

"ते उत्तर आणलंत?" तिने विचारलं.

"आधी सांगाल का, ते तुम्हाला कशाला हवंय?"

ती हळू, एकेक शब्द निवडून बोलली. "मला त्यांचा राग येतो म्हणून. प्लीज, वाईट समजू नका. मी लॅबमध्ये काम करते, सर. मी वर्षभर मागे लागले होते, टेस्ट करा पा, टेस्ट करा. बिझी लाह, बिझी लाह. त्या दिवशी छातीत दुखलं असणार. समोर दोन बटणं होती, एक मदतीचं. आणि त्यांनी ओके दाबलं! कामासाठी! त्या मूर्ख गाडीसाठी! आई म्हणते, रडून घे. मला रडू येत नाही, रागच येतो. अंत्यविधीलासुद्धा मी रडले नाही, माहितीये? सगळे बघत होते. म्हणून म्हटलं, ते ओके एकदा डोळ्यांनी बघते, मग कदाचित..." तिने हात हवेत सोडून दिला.

ट्रेनमधली सगळी वाक्यं गेली.

"त्यांनी दाबलं नव्हतं," रत्नदीप म्हणाला.

"काय?"

"ओके. ते त्यांनी दाबलेलं नाही. उत्तर आलं नाही की आमची सिस्टिम आपणहून ओके टाकते. तो नियम मी लिहिला. मेसेज गेला तेव्हा तुमचे वडील... तेव्हा ते दाबू शकत नव्हते. त्यांनी मदत नाकारली नाही. त्यांनी काहीच निवडलं नाही."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला समजायला वेळ लागला, आणि समजत गेलं तसतसा चेहरा आधी सैल पडला, अगदी लहान मुलीसारखा, आणि मग आवळत आला. "म्हणजे पा नाही म्हणाले ओके."

"नाही."

"मी इतके दिवस... मग कुणी बघितलं? उत्तर आलं नाही तेव्हा? कुणी फोन केला?"

"नाही."

"दिवसभरात?"

"कुणीच नाही. आधी करायचो. नंतर बंद केलं."

मागच्या टेबलावर शाळकरी पोरं वाटीतला गोड बर्फ खात होती, ताटं गोळा करणारी बाई गाडी ढकलत गेली. हुई मिन ओरडेल, पाणी अंगावर टाकेल, उठून जाईल, रत्नदीप सगळ्याला तयार होता. काहीतरी व्हावं असंच त्याला वाटत होतं. तिने पर्स उघडली, एक जुना फोन काढला, काचेला तडा गेलेला, आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

"हा त्यांचा. आम्ही बंद केलेला नाही अजून, रोज चार्ज करते. नंबर आहे तुमच्याकडे?"

होता. 'कोह अंकल तुआस', इतक्या वर्षांत तीन फोन बदलले तरी आपोआप एकातून दुसऱ्यात आलेला.

"मग करा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"त्या दिवशी केला नाहीत ना? आत्ता करा."

दोनदा चुकीचं नाव लागता लागता राहिलं. मग टेबलावरचा फोन वाजू लागला. मोठ्याने वाजला, म्हातारा गाडीच्या आवाजात ऐकू यावा म्हणून आवाज पुरता वाढवून ठेवायचा. काचेवर चिनी अक्षरांत काहीतरी उमटलं. पोरांनी वळून बघितलं. रत्नदीपने कापायला बोट उचललं तशी तिने त्याचं मनगट धरलं. "वाजू द्या." फोन वाजत राहिला, थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत राहिला, आणि दोघंही त्याच्याकडे बघत बसले, जणू तो आता कुणीतरी उचलेल. उचलला नाही. वाजून वाजून तो आपणच थांबला. हुई मिनचे डोळे भरून वाहत होते, नाक, ओठ, सगळं, आणि ती ते पुसत नव्हती.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा केला.